ओल्या सरकीचा वास

तुले जाऊन सव्वा महिना झाला. तेरवीच्या पत्रिकेत तुझं माहेर, सासर, पोरं, नातवंडं, सगळं छापून आलं. पत्रिका पोरानं लिहिली. त्यात चुकीचं काही नव्हतं, पण एक गोष्ट त्याले माहीतच नव्हती, तर तो लिहिणार कुठून. ती मले माहीत होती, तुले माहीत होती अन् शेजारच्या शमीमबीले. परवाच्या रविवारी मी ती शेठच्या हॉलात साऱ्या पाहुण्यांसमोर सांगितली. चार वर्षं तू म्हणत होती, सांगा. सांगितली मी, पण त्यांनी भलतंच ऐकलं. म्हणून आता लिहून राह्यलो. माझं शिक्षण चौथीचं, ते तुले ठाऊक. अक्षर वाकडं येते, पण वाचता येते.

सुरुवात माझ्याच हट्टानं झाली, हे आधी लिहितो. चंद्रपुरात दारूबंदी होती तोवर आपल्या वणीत शेठच्या दुकानापुढं मोटरसायकलींची रांग राहायची. तिकडली बंदी उठली अन् इकडली रांग आटली. मग शेठनं डोकं लावलं. दुकानाच्या वरच्या हॉलात दोन महिन्यांतून एकदा टेस्टिंग ठेवायचं. खाणीतले अफसर, डॉक्टर, ठेकेदार अन् त्यांच्या बायका बलवायच्या. नाशिककडून एक साहेब येणार, पाच-सहा तऱ्हेच्या वाइन चाखवणार, कोणती कशासंगं खायची ते सांगणार. आवडली तर पाहुणे पेटी उचलणार. मी तेव्हा शेठच्या गोदामावर चौकीदार होतो. शेठ म्हणाले, "नामदेव, आगे का मैं देख लूंगा. मागच्या कामाले भरोशाची माणसं पाह्यजेत. घरच्या बाईले घेऊन ये."

तू भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणली, "दारूच्या दुकानात मी पाय ठेवनार नाई."

"दारू नाई, वाइन हाये ते."

"नाव बदललं म्हनून गुन बदलते का?"

"पाहुने पीत बी नाईत तिथं. तोंडात घोळवते अन् बादलीत थुकते."

"कायले?"

"चव पाह्याले."

तू भाकरी तव्यावर टाकली. मारेगावकडचा तुझा मोठा भाऊ मोहाच्या दारूनं गेला, दोन लेकरं मागं टाकून. त्याची तिरडी तू पाहिली होती. भाकरी फुगली तशी तू म्हणली, "माहा भाऊ थुकला असता त वाचला असता."

अन् आली. काहून आली ते मी विचारलं नाही. मले वाटते, थुंकणारी माणसं असतात तरी कशी, ते तुले एकदा पाहायचं होतं.

हॉलाच्या मागं ती खोली, मधात जाड लाल पडदा. इकडं मोरी, गॅस, पेट्यांचा ढीग. तिकडं पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं. पहिल्या खेपेले गिलास मी धुतले. साबणाची पावडर टाकून चांगला फेस काढला अन् तुझ्या पेटीतल्या कोऱ्या पंचानं पुसले. शेठलेही चकचकीत वाटले. साहेब आले अन् त्यांनी रिकामा गिलास नाकाले लावला. रिकामा गिलास कोण हुंगते? साहेब म्हणाले, "यात साबण आहे, आणि डांबरगोळी आहे. सगळे परत धुवा." पाहुणे जिन्यानं चढून राह्यले होते. तू पदर खोचला, मले बाजूले सारलं, गॅसवर पातेलं ठेवलं. नुसतं कडक पाणी, साबण नाही. पण वणीत काच धुतली तरी कोळशाची भुकटी बसायले किती वेळ लागते. तू माझी दोन जुनी धोतरं मागितली. एक खाली अंथरलं, त्यावर गिलास उपडे, वरून दुसरं पांघरलं. नवऱ्याचं धोतर वाइनच्या कामाले येईल असं तुझ्या माहेरच्यांनीही कधी मनात आणलं नसेल. पुढं चार वर्षं तीच पद्धत राह्यली. साहेब म्हणायचे, अशी काच मोठ्या शहरातही भेटत नाही.

शमीमबी ताटल्या पाहायची. बाटलीले हात लावणार नाही, हे तिनं शेठले पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. संत्री सोलायची, चीज कापायचं, एवढंच तिचं काम. चीजचा तुकडा तू एकदा तोंडात टाकला अन् तोंड वाकडं केलं. "काय गं हे शमीम, मीठ टाकून साबन जमवला का?" ती हसून हसून सुरी टाकून खाली बसली.

थुंकायची बादली भरली की उचलून आणायचं काम माझं. पण मोरीत ओतायचं तू मले कधी करू दिलं नाही. "द्या इकडं." सारी जाईस्तोर पाहत राहायची, मग वरून दोन तांबे पाणी. तेवढ्या वेळ तुझ्या चेहऱ्यावर जे असायचं, ते मी दुसऱ्या कोणत्या वेळी पाहिलं नाही.

आता त्या गोष्टीवर येतो. तिसरं टेस्टिंग असन. बुचाच्या बाटल्या साहेब घंटाभर आधी मागच्या खोलीत उघडून ठेवायचे, हवा लागावी म्हणून. तू पंचा घेऊन टेबलाजवळून चालली होती, थांबली. एका बाटलीवर वाकली.

"हिच्यात ओली सरकी हाये."

मी म्हटलं, "वाइनमंदी सरकी कुठून येईन? द्राक्षाची असते ती."

"कुठून येते ते मले काय माहीत? वास हाये."

तू तीस वर्षं जिनिंगमधे काढली. कापसाची गंजी बाहेरून पांढरीफेक दिसायची, मुकादम तुले बलवायचा, "बाई, हुंगून पाह्य." तू कोपरापर्यंत हात गंजीत घालायची, हात नाकाजवळ न्यायची अन् म्हणायची, आतून ओली हाये. उकरलं की पिवळा कापूस निघायचा. सरकीले पाणी लागून ती पोत्यात कोंडली, की जो कुबट वास सुटते, तो तुले दोन खोल्या पलीकडून यायचा. घरी तांदळात किडा लागायच्या आधी तुले कळायचं. मी कुठं बसून आलो तेही कळायचं.

मी साहेबाले म्हटलं, "साहेब, ही बाटली बिघडली असन. ओल्या सरकीचा वास हाये."

त्यांनी हुंगली. डोळे मिटले. घोट घेतला, थुंकला. मग माझ्याकडं पाहिलं. "अगदी बरोबर. फार हलका आहे हो वास, मलाही पटकन कळला नसता. कोणी ओळखलं?"

तू मोरीवर होती, पाठमोरी. दोन्ही हात पाण्यात, नळ चालू.

"मी," म्हणलो.

इतकं लहान उत्तर मी जन्मात दिलं नसन. नळ चालूच होता. तू वळली नाही. मले वाटलं ऐकलं नाही तू.

त्याच सांजेले साहेबांनी साऱ्यांसमोर मले पडद्याच्या बाहेर बलवलं. शेठनं खांद्यावर हात ठेवला. तीस-चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या खेपेले शेठनं माझ्यासाठी काळं जाकीट शिवून आणलं, अन् त्या दिवसापासून नामदेवचा नामदेवराव झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू कप आदळला. "उठा नाकवाले, चहा झाला."

ऐकलं होतं तू.

मी म्हटलं, "अगं, बाईमानूस दारू हुंगते असं मोहल्ल्यात कळलं त लोक काय म्हनतीन?"

"म्हनतीन का हुंगली, पेली त नाई. अन् तुमी काय अत्तर हुंगता?"

मी आंघोळीले गेलो. आपल्या भांडणात बहुतेक डाव मी आंघोळीलेच गेलो.

मग ते तसंच चालत गेलं. साहेब आता बाटल्या हॉलातच उघडायचे अन् म्हणायचे, "नामदेवराव, बघून घ्या." मी गिलासात बोटभर घ्यायचो, पडद्यामागं मोरीकडं यायचो, तू हात पुसून गिलास नाकाखाली धरायची. चांगली असली तर परत द्यायची. वाईट असली तर म्हणायची, "ओली सरकी", नाही तर, "शिजली". उन्हाळ्यात ट्रकमधे तापलेल्या बाटल्या शिजायच्या, त्या तुले पाकावानी लागायच्या. तुझ्याच बोलण्यावरून मी शेठले सांगितलं का गोदामात कूलर लावा. शेठनं लावले, अन् शाबासकी मलेच.

अन् मी गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून उभा. एकदा साहेब म्हणाले, "खर्रा खाऊनही तुमचं नाक इतकं तल्लख, कमाल आहे." पडद्यामागं शमीमबीच्या हातून ताटली पडली. ती खाली वाकून ताटली उचलत होती का हसत होती, तिलेच माहीत.

तू मले शिकवून पाहिलं, हेही लिहितो. एका सकाळी ओल्या सरकीचं गाठोडं घेऊन बसली. "घाला डोकं." मी घातलं. "काय वास येते?" "सरकीचा." "ओल्या का कोरड्या?" "सरकीचा येते म्हनलं ना." तू गाठोडं बांधलं. "खर्ऱ्यानं मेलं तुमचं नाक. आता मीच हाव तोवर हाव." ते बोलणं तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

पडद्यापलीकडं साहेब पाहुण्यांले विचारायचे, काय वास येतोय, सांगा. पाहुणे हातातल्या कागदात पाहून बोलायचे, चेरी, व्हॅनिला. इकडं तू गिलास पुसता पुसता हळूच म्हणायची, "टेंभरं. तेंदूखाली पिकून पडलेली टेंभरं." नाही तर, "हिच्यात जांभूळ हाये, पन आंबट झाडाचं." शमीमबी म्हणायची, "भाभी, बाहर जाके बोलो ना." तू म्हणायची, "बाहीर माहं नाक हाये ना उभं, काळं जाकीट घालून."

त्या टोमण्यात राग किती अन् गंमत किती, हे मी कधी नीट मोजलं नाही. मोजायले पाहिजे होतं.

एकदा मात्र गंमत नव्हती. तू सरळ म्हणली, "एक डाव साहेबाले सांगा. टाळ्या मले नाई पाह्यजेत. तुमच्या तुमाले ठेवा. मले त्याहीले इचारायचं हाये, का तो वास बाटलीत जाते कसा. तुमाले इचारता येत नाई, काहून का तुमाले वासच येत नाई. नाव घ्यायची लाज वाटत असन त घरची म्हना. पन सांगा."

मी म्हटलं, "पुढच्या खेपेले."

त्या पुढच्या खेपेले तू हिरवं पातळ नेसून आली, पोराच्या लग्नातलं. शमीमबीनं विचारलं, आज क्या है? तू म्हणली, काई नाई, असंच. मले कळलं होतं. पण त्या दिवशी खाणीतले मोठे साहेब पहिल्यांदा आलते, शेठ नुसते घामाघूम होऊन फिरत होते. मले वाटलं, आज कुठं हे मधात काढायचं. तू तीनदा पडद्याजवळ येऊन उभी राह्यली. तीनही डाव मी तुझ्याकडं पाहिलं नाही. मग तू त्याच पातळाचा पदर खोचला अन् गिलास धुवाले बसली. घरी जाताना पातळाच्या काठाले लाल डाग होते. "जातीन," म्हणली.

काहून सांगितलं नाही मी? मोहल्ल्याचं कारण खोटं होतं, ते तुलेही माहीत होतं. खरं आता लिहितो. मी पन्नास वर्षं पाठीवर ओझी वाहिली. आधी कापसाच्या गाठी, मग पेट्या. माणसं माझ्या पाठीकडं पाहून बोलायची. माझ्या तोंडाकडं पाहून टाळ्या वाजल्या त्या पहिल्यांदा त्या हॉलात. मले त्या सोडवल्या नाहीत. तुझी वस्तू होती ती, मी घेऊन बसलो, अन् तू घरात एका ताटात जेवायले देत राह्यली.

अन् एक सांगतो. त्या हिरव्या पातळानंतर तुले मले तोंडावर पाडता आलं असतं. चांगल्या बाटलीले वाईट म्हणली असती, एका दिवसात माझं जाकीट उतरलं असतं. तू रागात असायची, माझ्याशी दोन-दोन दिवस बोलायची नाही, पण गिलास नाकाखाली आला की खोटं बोलली नाही. एकदाही नाही. मले वाटायचं ते तू माझ्यासाठी करून राह्यली. आता वाटते, त्यात माझा काही संबंध नव्हता. तुले खोटा वास सांगताच येत नव्हता.

जायच्या आदल्या दिवशी तू अंगणात मेथी निवडत होती. म्हणली, "आता टेस्टिंग आलं. या रयवारी सांगान का?" मी म्हटलं, "पाहू." सकाळी तुझ्या छातीत कळ आली. ऑटो गल्लीत येईस्तोर तू माझा हात धरून होती, मग हात सुटला. त्या गोष्टीवर तुले माझा शेवटला शब्द ‘पाहू’ गेला.

तो रविवार शेठनं पुढं ढकलला. त्यांनी माणुसकी ठेवली, नाही म्हणत नाही. तेरवीले पंगतीत बसले. मग परवाच्या रविवारी बलावणं आलं. पोरगा म्हणाला, "बाबा, नोका जाऊ." मी गेलो. जाकीट घालूनच गेलो.

मागच्या खोलीत शमीमबी एकटी. ताटल्या तिच्याच, गिलासही तिच्याच माथी. धोतरं तिनं तशीच अंथरली होती. साहेबांनी माझा हात हातात घेतला, दोन शब्द बोलले, मग हॉलात बाटल्या उघडल्या अन् पाहुण्यांकडं गेले. "बघून घ्या, नामदेवराव." चार वर्षांत ते स्वतः हुंगायचे बंद झाले होते. भरोसा.

मी गिलासात बोटभर घेतलं अन् पाय मोरीकडं गेले. शमीमबीनं माझ्याकडं पाहिलं. मग गिलासाकडं पाहिलं. अन् नळ बंद केला.

मी तिथंच उभं राहून गिलास नाकाले लावला. खर्ऱ्याचा वास आला. जाकिटाचा आला. दुसरी बाटली, तिसरी बाटली, सगळ्यांचा तोच. तरी बाहेर जाऊन म्हणलो, "सगळ्या चांगल्या हायेत साहेब." तेव्हाही खरं बोलायची सोय होती. नाही बोललो.

चौथी वाइन ओतली गेली. साहेबांनी आपला गिलास तोंडाजवळ नेला अन् थांबले. "थांबा. कोणी पिऊ नका." समोरच्या रांगेतल्या डॉक्टरसाहेबांनी अर्धा गिलास संपवलाही होता, वर छान आहे म्हणाले होते. साहेबांनी बाटली हुंगली. "ही गेलेली आहे," म्हणाले, अन् माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं.

शेठ लगेच उठले. "माफ करना, माफ करना. आमच्या नामदेवरावांची बायको गेली मागच्या महिन्यात. ऐसे में नाक क्या काम करेगी." साऱ्या हॉलातून अरेरे निघालं. डॉक्टरसाहेब म्हणाले, दुःखात वास जातो माणसाचा, असं होतं.

पाह्य, किती सोपं होतं. मले काहीच करायचं नव्हतं. नुसती मान खाली घालायची होती. तुझ्या मरणाच्या आडोशानं मी सुटून राह्यलो होतो. बाटली खराब, शेठची शरम, माझं खोटं, सगळं तुझ्या तिरडीवर ठेवून लोक मोकळे होत होते. चार वर्षं तुझं नाक वापरलं, अन् आता तुझं मरणही वापरणार होतो.

मी म्हणलो, "नाई, शेठ. दुःखानं नाक गेलं नाई. नाक माहं नोतंच. माही घरची त्या पडद्यामागं गिलास धुवत होती, ती हुंगायची. मी येऊन तुमाले सांगायचो. चार वर्षं तुमाले फसवलं मी."

मग समोरच्या एका बाईनं डोळ्याले रुमाल लावला. "किती प्रेम," म्हणली, "सगळं श्रेय बायकोला देऊन टाकलं." अन् टाळी वाजवली. तिच्या नवऱ्यानं वाजवली. मग साऱ्या हॉलानं. शेठचे डोळे भरून आले, "ऐसा आदमी नहीं मिलता," म्हणाले.

"टाळ्या कायले वाजवता? मी खोटं बोललो म्हनतो ना."

तर ते उभे राहून वाजवायले लागले.

मी पडद्याच्या मागं आलो अन् पेटीवर बसलो. जन्मभराचं खरं बोललो अन् तेही मलेच पावलं. तिकडं साहेबांनी दुसरी बाटली उघडली, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. कार्यक्रम आटोपला तसे ते आत आले, ती खराब बाटली हातात धरून.

"नामदेवराव, ते खरं होतं?"

"शमीमबीले इचारा."

शमीमबीनं सुरी खाली ठेवली. "सच है, साहब. भाभी हुंगायची, भाऊ जाऊन सांगायचे. मेरे सामने की बात है. कई बार बोली मैं, भाऊ, बता दो." मग माझ्याकडं पाहून म्हणली, "नहीं बताया इन्होंने."

साहेब दुसऱ्या पेटीवर टेकले. "त्या पीत होत्या का कधी?"

"एक थेंब नाई. तिचा भाऊ गेला दारूनं."

"त्या पहिल्या बाटलीला तुम्ही ‘ओली सरकी’ म्हणाला होतात. मी तो शब्द आता सगळीकडे वापरतो. तो पण..."

"तिचाच. जिनिंगमदला."

साहेब बाटलीकडं पाहत बसले. म्हणाले, "हे शिकायला मी परदेशात गेलो. आणि चार वर्षं या पडद्यापासून दहा पावलांवर उभा होतो."

मग मी तुझं काम केलं. विचारलं, "साहेब, तिले एक इचारायचं होतं. तो वास बाटलीत जाते कसा?"

त्यांनी खिशातून बूच काढून माझ्या तळहातावर ठेवलं. म्हणाले, बूच म्हणजे झाडाची साल. कधी त्या सालीत बुरशी धरते, दिसत नाही, अन् तिचा वास वाइनले लागते. वाइन चांगलीच असते, झाकणानं बिघडते. तू हे ऐकून लगेच पुढचं विचारलं असतं, सालीले पाणी कुठं लागलं म्हणून. मले पुढचं सुचलं नाही.

"नाव काय होतं त्यांचं?" साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. आलं नाही. सत्तेचाळीस वर्षांत मी ते चारचौघांत घेतलं नव्हतं. घरची म्हणलो, पोराची माय म्हणलो, नाही तर नुसतं ‘ऐकलं का’. जीभ तिथंच वळेना. साहेब थांबून राह्यले.

"द्वारका," शमीमबी म्हणली. "द्वारकाभाभी."

मग मी म्हणलो. एकदा हळू, अन् ऐकू गेलं नाही असं वाटलं म्हणून परत एकदा.

साहेब म्हणाले, पुढच्या टेस्टिंगला मी स्वतः सगळ्यांना सांगेन. ते सांगतीनही, माणूस चांगला आहे. पण ‘पुढच्या खेपेले’ म्हणजे काय असते, हे मीच तुले चार वर्षं दाखवलं. म्हणून थांबलो नाही. घरी आलो, नातीची कोरी वही मागितली अन् तेव्हापासून हे लिहून राह्यलो. आपल्या इथल्या पेपरवाल्याले देणार आहे. त्या हॉलातल्या माणसांच्या घरी तो पेपर जाते. त्यांनी हे बसून वाचावं, वाचताना टाळ्या वाजवता येत नाहीत.

वास द्वारका ओळखायची. मी पडद्यातून गिलास नेत होतो अन् आणत होतो.